दातांनी इंजिन ऐकणारा सीताराम मेस्त्री

"रंग माका कित्याक दाखवतंस? रंग काय गाडी ओढता? बॉनेट उघड आधी."

"उघडतो ना काका. पण बॉडी तरी बघा. पत्रा सगळा नवा. हौद्यात खाली नवी चादर मारलीय."

"ता माका दिसता. डोळे माझे बरे आसत, कान गेलेत. बॉनेट उघड."

रघुवीरनं बॉनेट उघडलं. सीताराम मेस्त्रीनं आत डोकं घातलं नाही. आधी नुसता तळहात इंजिनाच्या अंगावर ठेवला, बाजारात कोंबडी घेताना माणूस तिच्या पोटाखाली हात घालतो तसा. ठेवला आणि काढून घेतला.

"ह्या गरम कसा?"

"आत्ताच धुवून आणली, काका."

"धुतल्यार गाडी थंड व्हता. गरम नाय."

रघुवीर हसला. सीतारामनं बॉनेट स्वतःच्या हातानं खाली घेतलं आणि सोबत आलेल्या बाईकडं वळून, उद्या सकाळी परत येऊ, एवढंच सांगितलं.

बाई होती शिवडी कोळीवाड्यातली काशीबाई. भाऊच्या धक्क्यावर मासळी घ्यायची आणि लालबागच्या बाजारात बसून विकायची, हा तिचा सासूपासून चालत आलेला धंदा. आजवर सहा जणींत मिळून एक टेम्पो होता. तो सगळ्यांना सोडत सोडत हिला शेवटी लालबागला आणायचा. तोवर बर्फाचं पाणी झालेलं आणि पहिलं गिऱ्हाईक दुसऱ्या पाटीवरून घरी गेलेलं. म्हणून या वर्षी तिनं पाटल्या मोडल्या होत्या. नारळी पुनव बारा दिवसांवर आली होती. पुनवेला होड्या समुद्रात जाणार, धक्का सुरू होणार, त्याच्या आत स्वतःचा पिकअप दारात उभा पाहिजे. घेतला आणि फसला, तर पाटल्याही गेल्या आणि टेम्पोतली जागाही गेली, कारण त्या पाच जणींनी तिची जागा केव्हाच दुसरीला दिली होती.

त्यामुळं 'उद्या' हा शब्द तिला सोसला नाही. तिनं पदर तोंडाशी धरून काहीतरी म्हटलं.

"पदर काढ गो बाय तोंडावरचो," सीताराम म्हणाला. "पदरातसून माका ऐकाक येत नाय."

तिनं पदर काढला आणि स्वच्छ विचारलं, "शेट सांगतंय का दादरवरना दुसरा गिऱ्हाईक येनार हाय. उद्यापरत गारी गेली तं? का तुनाच ती दुसऱ्याला द्याची हाय?"

तिचा संशय वावगा नव्हता. रघुवीरच्या त्या जुन्या गाड्यांच्या वखारीत गाडी बघायला सोबत येणारा प्रत्येक मेकॅनिक दोन्हीकडून खायचा. गिऱ्हाइकाकडून चहापाणी उघड, विकणाऱ्याकडून दलाली गुपचूप. काशीबाईच्या दिरानं, हरेश्वरनं, तिला घरून निघतानाच बजावलं होतं, की मिलवाल्या म्हाताऱ्याच्या हातावर नजर ठेव. हरेश्वर त्या वेळीही तीन पावलांवर उभा राहून तेच करत होता.

"गेली तर गेली," सीताराम म्हणाला. "तापलेल्या इंजिनाक मी काय इचारू?"

ही गोष्ट पंच्याण्णवच्या श्रावणातली. संप होऊन तेरा वर्षं झाली होती.

जुना डिझेल पिकअप कसा विकतात, हे ज्याला एकदा फटका बसलाय त्याला सांगावं लागत नाही. डिझेलच्या इंजिनाला दाबानंच पेट घ्यायचा असतो. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, लाइनर खाल्ला गेला, की दाब निसटतो आणि सकाळी थंड असताना ते पेटत नाही. सेल्फ घरघरत राहतो, मागून पांढरा धूर येतो, बॅटरी बसते. तेच इंजिन गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास फिरवून आणलं की एका चावीत चालू होतं, तरण्या पोरासारखं. शिवाय आत जाडजूड ऑइल ओतलं की खडखड दबते आणि निळा धूर आठ दिवस दिसत नाही. आठ दिवसांनी गाडी तुमच्या दारात असते आणि विकणारा जेवायला गेलेला असतो.

सीताराम मूळचा कणकवलीकडचा. एकसष्ट साली मुंबईत आला, काळाचौकीच्या चाळीत गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकली आणि बदलीत लागला. पुढं कायम झाला, विणकर झाला, मग मागांचा फिटर. एकवीस वर्षं मागखात्यात. आठशे माग एका छपराखाली आपटत असताना तिथं कान कुणाचे शाबूत राहणार? चाळिशीच्या आत निम्मे गेले, संप झाला तेव्हा उरलेल्यातले निम्मे. त्याचं त्याला कौतुक नव्हतं आणि दुःखही नव्हतं. मागखात्यात कान लागतच नाहीत. तिथं माणसं ओठांवरून बोलतात. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे. वीस फुटांवरचा माणूस 'चहा', 'जॉबर आला', 'तुझ्या बायकोचं पत्र आलंय' असं सगळं सांगतो आणि समोरच्याला कळतं. आकडे सांगायचे ते बोटांनी, गळ्याच्या खड्ड्यापाशी.

पण माग बिघडलेला कळायचा कसा? तर धोट्यानं. धोटा म्हणजे मागात बाण्याचा आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळणारं लाकूड, होडीच्या आकाराचं, दोन्ही टोकांना लोखंडी नाक. जुना झालेला धोटा घ्यायचा, एक टोक मागाच्या बेअरिंगला टेकवायचं आणि दुसरं दातांत धरायचं. कानाला न कळणारी घरघर दातांतून जबड्यात आणि जबड्यातून डोक्यात येते. बहिऱ्या झालेल्या फिटरांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेली ही युक्ती. कोण पहिल्यांदा चावला, देव जाणे.

संपात दीड वर्ष सीतारामच्या बायकोनं, सुंदराबाईनं, चौदा माणसांची खानावळ चालवून घर ओढलं. मिलचा भोंगा पुन्हा वाजला नाही. सीताराम शिवडीला एका सरदारजीच्या गॅरेजात ट्रकांच्या खाली शिरला. हात फिटरचेच होते. वर्षभरात त्याच्या ध्यानात आलं की डिझेलचं इंजिन म्हणजे मागच, फक्त चार पेट्यांत भरलेला. खिशातला धोटा काढला, इंजिनाच्या डोक्याला टेकवला, दुसरं टोक चावलं. सरदारजी हसून लोळला. पण बहिऱ्यानं डिझेल फवारणारा तीन नंबरचा नोझल खराब म्हणून काढला आणि तो खराबच निघाला, तेव्हा हसू थांबलं.

"चार सिलिंडर म्हंजे चार भाव," सीताराम सांगायचा. "एकाच्या पोटात दुखाक लागला, की बाकीचे तीन तेचा वझा ओढतत. भायरच्याक वाटता, घर बरा चाललाहा."

पुढं त्यानं काळाचौकीतच मिलच्या मागच्या भिंतीला लागून पत्र्याची टपरी घातली आणि नोझल-पंपाचं काम सुरू केलं. जुनी गाडी घ्यायची म्हटलं की लोक त्याला सोबत नेऊ लागले. लालबाग-परळात 'दातवाला मेस्त्री' म्हटलं की टॅक्सीवालाही टपरी दाखवायचा.

आणि त्याच नावावर त्यानं दौलतला बुडवलं.

दौलत त्याच्या शेजारच्या मागाचा जोडीदार. नव्वद साली त्यानं बर्फ वाहायला पिकअप घेतला. सीतारामनं चावला, चारही भाऊ ठणठणीत निघाले, म्हणाला, घे. घेतला. चार महिन्यांनी रे रोडच्या पुलावर बर्फाच्या लाद्या भरलेली गाडी केबिनच्या मागं मधोमध वाकली. पुढचं तोंड वर, ढुंगण खाली, म्हैस बसते तशी. चेसिस, म्हणजे जिच्यावर इंजिनापासून हौद्यापर्यंत सगळी गाडी बसते ती लोखंडाची चौकट, आतून गंजून पापुद्रे झाली होती. इंजिन मात्र तेव्हाही सुरू होतं, झकास.

चूक कुठं झाली ते सीतारामला त्याच दिवशी कळलं. एकवीस वर्षं त्यानं जी यंत्रं बघितली ती जमिनीला बोल्टानं जखडलेली. माग बिघडतो, जमीन बिघडत नाही; आणि बिघडली तर ती मालकाची, फिटरनं तिच्याकडं बघायचं नसतं. मागखात्यातला कुठलाच फिटर कधी यंत्राच्या खाली बघायला शिकला नाही. गाडीला खालून जमीन नसते, तिची जमीन तिच्यासोबत पळत असते, ही साधी गोष्ट त्याच्या डोक्यात शिरलीच नव्हती.

दौलत गावाला गेला तो परत आला नाही. गणपतीत गावी दोघांची गाठ पडते. दौलत बोलतो, शिव्या देत नाही, काही नाही. फक्त बोलताना तोंड फिरवून बोलतो. बहिऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

तेव्हापासून सीताराम कुणावरच विश्वास ठेवत नव्हता, आणि सगळ्यांत कमी स्वतःवर.

दुसऱ्या दिवशी आठला यायचं ठरलं होतं. सीताराम सातलाच काशीबाई आणि हरेश्वरला घेऊन वखारीच्या फाटकात उभा.

ही वखार म्हणजे सीतारामच्याच बंद मिलचं मागखातं. माग भंगारात गेले, छपराखालची फरशी भाड्यानं रघुवीरला मिळाली, आता तिथं वीसेक जुन्या गाड्या उभ्या असत. रघुवीरचं टेबल होतं तिथं पूर्वी सीतारामचे दोन माग होते. फरशीत बोल्टांची भोकं सिमेंटनं बुजवलेली अजून दिसत होती. सीताराम त्यांच्यावरून चालत गेला आणि कुठंही थांबला नाही.

इंजिनावर हात ठेवला. थंडगार. रात्रीचा दमटपणा पत्र्यावर तसाच. ऑइलची पट्टी काढून दोन बोटांत चोळली. ऑइल बेताचं पातळ, चोरी नाही. चावी मारली. अर्ध्या फेऱ्यात इंजिन पेटलं. पांढरा धूर चिमूटभर, दोन श्वासांत गेला. ऑइल भरायचं झाकण काढून वर तळहात धरला. रिंगा गेलेल्या असतील तर तिथून भसाभस वाफ मारते. इथं हाताला फुंकरही लागली नाही. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडा नाही, म्हणजे हेड गॅस्केट शाबूत. मग त्यानं खिशातून धोटा काढला, तेलानं काळा पडलेला, एका टोकाला पंधरा वर्षांच्या दातांच्या खुणा असलेला. इंजिनाच्या डोक्यावर चार ठिकाणी टेकवून चावला. डोळे मिटले.

चारही भाऊ एकसारखे जेवत होते.

काशीबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. खुशी दिसायला पाहिजे होती, ती दिसेना. उलट कपाळाला आठी.

"काय झाला?"

"इंजिन एक नंबर आसा."

"मंग?"

"मगे स्वस्त कित्याक देता तो?"

हिशेब सरळ होता. नवा पिकअप त्या साली अडीच लाखांच्या पुढं. पाच वर्षांचा, असं इंजिन असलेला, सव्वा लाखाला डोळे मिटून गेला असता. रघुवीर मागत होता अठ्ठ्याण्णव हजार. म्हणे जुन्नरकडच्या भाजीवाल्याची गाडी, पोरीच्या लग्नासाठी काढलीय, घाटावरनं कधी खाली आली नाही, समुद्राचा वारासुद्धा लागलेला नाही. हे शेवटचं त्यानं न विचारता सांगितलं होतं. न विचारलेलं उत्तर सीतारामनं मनात वेगळं काढून ठेवलं.

आणखी एक गोष्ट त्यानं वेगळी काढून ठेवली. रघुवीर त्यांना सात वाजता बघून चपापला आणि आपल्या ड्रायव्हरशी, उत्तमशी, चार शब्द बोलला. तेव्हा त्यानं तोंडावर रुमाल धरला. आता, बहिऱ्या माणसासमोर तोंड कोण झाकतो? सगळ्या लालबागला सीताराम बहिरा म्हणून ठाऊक. तो ओठ वाचतो हे मागखात्यात वाढलेल्यालाच ठाऊक.

"तुझो बापूस खंयच्या खात्यात होतो?" सीतारामनं विचारलं.

"इथंच," रघुवीर म्हणाला. "जॉबर होते, मुकादम. का?"

"काय नाय. रुमाल बरो आसा तुझो."

मग सीताराम खाली बसला. बसला, आडवा झाला आणि चाकांनी आत आणलेल्या पावसाच्या चिखलात पाठ घासत गाडीखाली शिरला. रघुवीर ओरडला, काका, कपडे खराब होतील, जॅक लावून देतो, थांबा. ते सीतारामला ऐकू आलं नाही, आणि त्या वेळी त्यालाही बहिरेपण बरं वाटलं असणार.

खालून चेसिस काळी कुळकुळीत. ताजा रंग, पुढून मागंपर्यंत एकसारखा. डोळ्यानं काही कळायला जागाच ठेवली नव्हती. वर इंजिन सुरू होतं. सीतारामनं उताणं पडूनच धोटा पुढच्या चाकाजवळ चेसिसला टेकवला आणि चावला. इंजिनाची घरघर लोखंडातून वाहत येऊन दातांत उतरली, स्वच्छ. वीतभर मागं सरकला. तशीच. केबिनच्या खाली. तशीच. केबिन संपून हौदा सुरू होतो तिथं आला, आणि आवाज मेला. नळ बंद करावा तसा. वीतभर मागं परत थोडा जिवंत. मग मागच्या पाट्यांचा, म्हणजे स्प्रिंगांचा, खुंट जिथं चेसिसला धरतो, जिथं सगळं वजन येतं, तिथं पुन्हा मेला. पलीकडच्या बाजूनं सरकत जाऊन बघितलं. तिकडंही तेच.

तो बाहेर आला तेव्हा काशीबाई हौद्यात चढलेली होती. तिला खाली निजायचं नव्हतं, पण नुसतं उभं राहणंही जमलं नव्हतं. नव्या चादरीचा सांधा बाजूच्या पत्र्याला मिळतो तिथं तिनं नख घातलं होतं. नखात काहीतरी आलं. तिनं ते उजेडात धरलं, हुंगलं, आणि सरळ जिभेवर ठेवलं.

"शेट," ती म्हणाली, "भाजीवाल्याचे गारीन जवला कवा आयला?"

जवळा, म्हणजे दाण्याएवढी सुकी कोळंबी. मीठ लावलेली. वरून चादर नवी घातली, रंग मारला, धुऊन काढलं, पण सांध्यात अडकलेला जवळा कोळणीच्या नखाला चुकत नाही. ही गाडी समुद्राच्या काठानंच सगळं आयुष्य फिरलेली होती. खारं पाणी हौद्यातनं चेसिसवर गळत पाच वर्षं.

रघुवीर म्हणाला, कुणीतरी डबा सांडला असेल.

सीतारामनं पान्याचा मागचा भाग घेऊन मेल्या जागेवर एक ठोका दिला. काळ्या रंगाचा पोपडा पडला, त्याखाली पुट्टीचा खपला, त्याखाली तपकिरी भुगा. बोट आत गेलं.

"ह्या लोखंड नाय. ह्या पीठ आसा."

आता ओरडाआरडा व्हायला पाहिजे होता, पण झाला नाही. रघुवीर काशीबाईकडं पाठ करून सीतारामसमोर उभा राहिला. आवाज न काढता त्याचे ओठ हलले. बापाकडून शिकलेली बोली, सफाईदार. तेरा वर्षांत ती सीतारामशी कुणी बोललं नव्हतं. मग दोन बोटं गळ्याच्या खड्ड्यापाशी.

काशीबाईला पाठ दिसत होती, पण सीतारामची नजर तिच्यापासून सुटून त्या ओठांवर खिळलेली तिनं बघितली. हरेश्वरनं बाजूनं बोटंही बघितली.

"काय सांगतंय तो?" ती म्हणाली.

 दोन बोटं म्हणजे दोन हजार, सीतारामच्या टपरीची सव्वा महिन्याची कमाई. पट्ट्या मारून वेल्डिंग केलं असतं तर गाडी कदाचित एक मोसम निघालीही असती. रे रोडचा पूल सगळ्यांच्याच वाटेत येतो असं नाही.

"माका दोन हजार देता म्हणता," तो मोठ्यानं म्हणाला. "तुका सांगूचा, की पट्टी मारून घे, काय व्हणा नाय."

रघुवीरनं रुमाल काढून तोंड पुसलं आणि आपल्या टेबलाकडं निघून गेला.

कुणालाही वाटेल की आता काशीबाईचा संशय फिटला असेल. तिनं कंबरेवर हात ठेवला. "तो दोन देतंय आनी तू मना सांगतंस. कनाला? तुना पाच पायजे का?"

हरेश्वर पहिल्यांदा हसला.

 सीताराम वखारीच्या कोपऱ्यात गेला. तिथं एक पिकअप उभा होता, नऊ वर्षांचा, रंग उडालेला, एक दिवा फुटका, कुणी बघायला न येणारा. चार सिलिंडर, अडीच लिटरच्या आसपासचं इंजिन, साठेक घोड्यांची ताकद, कागदावर एक टन माल वाहणारा. सगळं पहिल्या गाडीसारखंच, फक्त अवकळा आलेलं. उत्तमकडून चावी घेऊन सीतारामनं चालू करायला बघितली. सेल्फ घरघरला, घरघरला, मग एकदाचं पेटलं, आणि मागून एवढा धूर निघाला, पांढरा आणि निळा एकत्र, की हरेश्वर खोकत बाहेर गेला. दुसरा गिअर टाकला की आपोआप निसटायचा. झाकण काढलं तर तळहातावर भसाभस वाफ.

सीताराम गाडीखाली शिरला. धोटा पुढं टेकवला, चावला. खराब इंजिनाची खडखड आली. मागं, अजून मागं, केबिनच्या खाली, पाट्यांच्या खुंटापाशी, अगदी शेवटच्या आडव्या पट्टीपर्यंत तीच खडखड, कुठं न मरता. वरून गंज होता, पण तो चामडीचा.

बाहेर येऊन त्यानं सांगितलं, की ही घे. रघुवीर चौसष्ट हजार सांगतो, साठपर्यंत येईल. इंजिन उघडून रिंगा, लाइनर, नोझल, गिअरची एक दातेरी, मिळून सोळा-सतरा हजार. पुनवेच्या आत होईल. इंजिन माणसाला उघडता येतं, त्यातलं वाईट काढून चांगलं घालता येतं. कुजलेली चेसिस उघडता येत नाही. आणि हौद्यात चादरीखाली डांबर मारून घे, बर्फाच्या पाण्याला मागून नळी काढ, नाहीतर ही पण पाच वर्षांत पीठ होईल.

काशीबाईनं सगळं ऐकून घेतलं. ती बाजारात बसणारी बाई, तिनं बरोबर जागेवर बोट ठेवलं.

"चांगल्या इंजिनाची नको म्हनतंस. खराब इंजिनाची घे म्हनतंस. आनी इंजिनाचा काम करनार कोन? तू. म्हंजे पैसं तुलाच."

"व्हय," सीताराम म्हणाला. "माकाच गावतले."

 दौलतच्या वेळी त्याला एक पैसा मिळाला नव्हता आणि गाडी मोडली होती. या वेळी पैसा मिळणार होता. कशावरून काय समजायचं?

काशीबाई पहिल्या गाडीच्या हौद्यातून उतरली, त्या अवकळा आलेल्या गाडीभोवती एक फेरी मारली, हौद्याच्या सांध्यात नख घालून चाटून बघितलं. मीठ लागलं नाही. सिमेंट लागलं, थुंकली. मग सीतारामपुढं हात पसरला.

"तो लाकूड दे."

"खंयचा?"

"दातानं चावतंस तो. गारी पुनवेला धक्क्यावर गेली आनी शिमग्यापरत चालली, का तुझा तुला. तवर माझे पाटीखाली ऱ्हाईल."

"आणि मोडली तर?"

"तं चुलीन."

हरेश्वरला हे आवडलं. सीतारामनं धोट्याकडं बघितलं. मिल बंद झाली तेव्हा हजारो लोकांना काही मिळालं नाही, त्यानं हा एक खिशात घालून आणला होता, आणि तोही खरं म्हणजे चोरूनच. त्याच्यावाचून तो उद्यापासून काय ऐकणार होता, हे त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. त्यानं दातांचं टोक सदऱ्याला पुसलं आणि धोटा तिच्या हातावर ठेवला.

"पाण्यात घालू नको," तो म्हणाला. "लाकूड फुगता."

साठ हजारांवर व्हायला आणखी अर्धा तास गेला. रघुवीर कुरकुरला नाही. खराब गाडी गेली म्हणून त्याला बरंच वाटत होतं. चांगल्या इंजिनाची गाडी त्यानं उत्तमला सांगून पुन्हा धुवायला लावली. दादरचं गिऱ्हाईक अकराला यायचं होतं, आणि या वेळी ते खरंच यायचं होतं. निघताना सीताराम फाटकात थांबला. पुन्हा मागं आला. पान्यानं जिथं पोपडा पडला होता, तिथं त्यानं आणखी तीन ठोके दिले आणि भगदाड हाताएवढं करून ठेवलं. रघुवीर तोंडावरचा रुमाल काढून काहीतरी बोलला. सीताराम तोवर वळला होता, त्यानं वाचलं नाही.

धूर सोडत, दुसरा गिअर हातानं दाबून धरत गाडी काळाचौकीत आली. टपरीसमोर आधीच कॉटन ग्रीनचा एक टेम्पोवाला खोळंबला होता. चढाला ओढ नाही, काळा धूर मारते, ही त्याची तक्रार. सीतारामनं काशीबाईची गाडी भिंतीला लावली, चाकांना दगड दिले आणि हरेश्वरला सांगितलं, की उद्या इंजिन खाली उतरवायला दोन माणसं घेऊन ये.

मग तो टेम्पोच्या इंजिनावर वाकला. हात सवयीनं खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला. टेम्पोवाला बघत होता. सीतारामनं पेटीत चाचपलं, लाकडी मुठीचा लांब पेचकस काढला, त्याचं टोक पहिल्या सिलिंडरवर टेकवलं, मूठ दातांत धरून बघितली. चव वेगळी होती, ग्रीसची. तोंडातून काढून मूठ पुसली.

"चालू कर," तो म्हणाला, आणि पुन्हा चावला.